अंकांची कंठिका : मान्यखेट, पाथरी, देवळाली



मराठीच्या प्राध्यापकाने गणितावर बोलावे हे औचित्याला धरून नाही, याची मला जाणीव आहे. हयातभर मी काव्यशास्त्र शिकवले. गणिताशी माझा संबंध याच शाळेच्या इमारतीत सुरू झाला आणि बहुतांशी इथेच संपला. तरीही ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्या आपल्या गणिताच्या सरांचे एक देणे माझ्याकडे चाळीस-बेचाळीस वर्षे राहून गेले आहे. ते फेडायला दुसरी जागा मला सापडली नाही.

१९६४ साल असावे. मी सातवीत होतो. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला सर पुस्तक मिटवून एखादे तोंडी किंवा फळ्यावरचे उदाहरण घालीत. त्या दिवशी त्यांनी अंक सांगितले ते उलट्या क्रमाने : “एक, आठ, सहा, चार, नऊ, नऊ, सात, दोन. एकंस्थानापासून डावीकडे लिहीत जा.” लिहून झाल्यावर पाटीवर संख्या उभी राहिली ती २७९९४६८१. “आता हिला ४४१ ने गुणा.”

गुणाकार लांबलचक होता. तीन ओळी आल्या :

२७९९४६८१
१११९७८७२४०
१११९७८७२४००

या तीन ओळींत डोळ्याला सुखवील असे काही नाही. बेरीज केली तेव्हा माझे उत्तर आले १२३४५६६४३२१. पाटी घेऊन उठणार, एवढ्यात काहीतरी खटकले. दोन सहा शेजारी शेजारी बसले होते आणि पाचाला जोडीदार नव्हता. पुन्हा बेरीज केली. हातच्याचा एक जास्त धरला होता. खरे उत्तर होते १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचे. सर म्हणाले, “पाट्या दाखवू नका. ज्याचे बरोबर आले आहे त्याला ते कळले आहे.” आम्हाला तो जादूचा प्रयोग वाटला. मुलांच्या तोंडी तेव्हा ‘चिमा काय कामाची’ आणि ‘रामाला भाला मारा’ ही वाक्ये असत. हा त्यातलाच अंकांचा प्रकार, असे समजून आम्ही घरी गेलो.

हे उदाहरण सरांचे नव्हते. ते महावीराचार्यांचे होते आणि अकराशे वर्षांहून जुने होते. सरांकडे ‘गणितसारसंग्रहा’ची हिंदी अनुवादासह छापलेली प्रत होती, ती १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाली. त्याआधी १९१२ साली मद्रासला प्रा. रंगाचार्यांनी मूळ संस्कृत ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला होता आणि डेव्हिड यूजीन स्मिथ या अमेरिकन गणितेतिहासकाराने त्याला प्रास्ताविक लिहिले होते. तेलुगूला मात्र तो ग्रंथ त्याच्याही आठशे वर्षे आधीपासून ठाऊक होता. पावुलूरि मल्लनाने अकराव्या शतकात त्याचे तेलुगू रूपांतर केले. हैदराबादच्या मराठी शाळेत बसून हे बोलताना मला त्याचा विशेष आनंद वाटतो.

महावीराचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळातले. अमोघवर्षाची कारकीर्द इसवी सन ८१४ ते ८७८. ग्रंथरचना ८५० च्या सुमाराची मानतात. ग्रंथाच्या आरंभी वर्धमान महावीराला वंदन आहे आणि नृपतुंगाची स्तुती आहे. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मालखेड. १९५६ पर्यंत ते आपल्याच हैदराबाद राज्यात होते. येथून वाडीच्या दिशेने रेल्वेने जाताना मालखेड रोड हे स्टेशन लागते. पुण्या-सोलापूरच्या लग्नकार्यांसाठी त्या मार्गाने आपण किती वेळा गेलो असू! त्या स्टेशनावर उतरावे असे मला तरी साठी उलटेपर्यंत वाटले नाही. कागिणा नदीकाठी पडका कोट आहे, जुनी जैन बसदी आहे, आणि बाकी शेते.

ग्रंथ अकराशेच्या आसपास श्लोकांचा. पहिल्या अधिकारात संज्ञा आहेत. तेथेच स्थानांची चोवीस नावे ‘एक’पासून ‘महाक्षोभ’पर्यंत मोजली आहेत. पुढे परिकर्मव्यवहारात गुणाकार येतो आणि त्याच्या उदाहरणांत या माळा येतात. ग्रंथकार त्यांना कंठिका म्हणतो, एखादीला राजकंठिका म्हणतो. गळ्यातल्या हारात मधला मणी मोठा आणि दोन्ही बाजूंनी सारखे मणी उतरत जातात, त्यावरून हे नाव आले असावे. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एक ओळीने उभे राहतात, म्हणजे ११११११११. १४२८५७१४३ गुणिले ७ म्हणजे १००००००००१ : दोन टोकांना दोन मणी आणि मधे नुसता दोरा. ३३३३३३६६६६६७ ला ३३ ने गुणून पाहा, ११००००११००००११ येतील.

मी ज्या काळात वाढलो त्या काळी अशा गोष्टींकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा होत्या आणि त्या अजून टिकून आहेत. एक तऱ्हा म्हणजे ‘सर्व काही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते’ असे म्हणून छाती फुगवणे. दुसरी म्हणजे ‘ही करमणूक आहे, यात गणित नाही’ असे म्हणून पान उलटणे. पहिल्या तऱ्हेचा मला लहानपणापासून कंटाळा आहे. दुसरी मात्र मी स्वतः आयुष्यभर आचरली, फक्त अंकांच्या जागी अक्षरे धरून. म्हणून या एका संख्येचे पोट उघडून पाहणे मला आवश्यक वाटले.

१२३४५६५४३२१ ही सहा एकांचा वर्ग आहे : ११११११ गुणिले ११११११. कागदावर हा गुणाकार शाळेच्या पद्धतीने मांडला की एकांच्या सहा ओळी एकेक घर सरकून बसतात. पहिल्या स्तंभात एक एकक, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत वाढून पुन्हा उतरतात. जादू एवढीच. ही माळ नऊ एकांपर्यंत टिकते. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ आहे. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा डावीकडे जातो आणि माळ तुटते : १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे आठ नाहीसा झालेला दिसेल. महावीराचार्यांच्याच दुसऱ्या उदाहरणात, १२३४५६७९ ला ९ ने गुणून नऊ एक मिळतात, तेथे जो आठ गाळलेला आहे तो हाच. हातच्याने खाल्लेला.

आता तिचे अवयव. ११११११ चे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७. त्यामुळे आपल्या संख्येत या पाचांपैकी प्रत्येक दोनदा येतो. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या २४३ भरतात आणि दोन संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात ती १२२ प्रकारे मांडता येते. त्यांतून महावीराचार्यांनी जोडी निवडली ती २७९९४६८१ आणि ४४१ ची. ४४१ हा २१ चा वर्ग हे तुम्हाला पाठ असेल. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे, आणि ५२९१ म्हणजे ११, १३ व ३७ यांचा गुणाकार. गुण्य वर्ग, गुणक वर्ग, फळही वर्ग! हे मला प्रथम उमगले तेव्हा मी रात्री उठून बसलो होतो. ग्रंथकाराने हे जाणूनबुजून केले, असे तेव्हाच लिहून टाकण्याचा मोह झाला. पण १२२ जोड्यांपैकी १६ जोड्या अशा दुहेरी वर्गांच्या आहेत. डोळे मिटून निवडले तरी आठांत एकदा अशी जोडी हाती लागेल. तेव्हा पुरावा म्हणून हे पुरेसे नाही. आचार्य रचनेचे रहस्य सांगत नाहीत, उदाहरण घालून पुढे जातात.

पुरावा दुसरीकडे आहे, आणि तो अधिक साधा आहे. १५१५१ ही संख्या १३९ आणि १०९ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. एकाने गुणणे सोडले तर तिला फोडण्याचा दुसरा मार्गच नाही. सहज म्हणून १३९ ला १०९ ने गुणून पाहिले आणि माळ सापडली, असे कोणी म्हणेल तर एखाद्या वेळी मानू. पण १४२८७१४३ ला ७ ने गुणून १०००१०००१, किंवा तो बारा अंकी गुण्य घेऊन ३३ ने गुणल्यावर चौदा अंकी हार, हे योगायोगाने होत नाही. येथे माळ आधी ओवली आहे. मग तिला ७ ने, ३३ ने, ७३ ने भागून पाहिले आहे. ज्याने नि:शेष भाग गेला तो गुणक झाला आणि भागाकार शिष्याला गुण्य म्हणून दिला. शिष्य गुणाकार करीत ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने गुरू आधी भागाकार करीत उलट आलेला आहे. आपल्या गणितात या उलट चालीला व्यस्तविधी किंवा विलोमविधी म्हणतात. सरळ वाचा की उलट वाचा, सारखीच राहणारी संख्या घडवण्यासाठी ग्रंथकाराला स्वतःला उलट चालावे लागले.

आणि अंक सांगायचे तेही उलट. संस्कृत ग्रंथांत संख्या शब्दांनी सांगताना एकंस्थानापासून आरंभ करण्याचा संकेत आहे. सरांनी त्या शनिवारी तोच पाळला होता. हा संकेत ज्याला ठाऊक नाही तो २७९९४६८१ च्या जागी १८६४९९७२ लिहून बसेल आणि त्याचा सगळा गुणाकार वाया जाईल. माळेला मात्र हे भय नाही. उत्तराचे अंक कोणत्याही टोकाकडून सांगा, लेखनिकाचा गोंधळ होत नाही. ताडपत्रावर नकलून घेतल्या जाणाऱ्या ग्रंथात हा गुण लहान नव्हता.

येथे भाषेच्या माणसाला एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ही संख्या मोठ्याने वाचा : बारा अब्ज, चौतीस कोटी, छप्पन्न लक्ष, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. माळ कुठे गेली? कानाला ती ऐकूच येत नाही. उलट आपली मराठी मधेच दिशा बदलते. ‘तीनशे’ म्हणताना मोठे स्थान आधी, आणि ‘एकवीस’ म्हणताना एक आधी, वीस मागून. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा केवढा गदारोळ झाला! आपल्या या शहरातल्या मुलांना त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. शेजारची तेलुगू मुले वीस आधी आणि एक मागूनच म्हणतात. सांगायचे ते एवढेच की कंठिका ही बोलण्यातली वस्तू नव्हे. ती स्थानमूल्याच्या लेखनातूनच जन्मते. नऊ ही संख्या केवळ शून्य आणि एक वापरणाऱ्या लेखनात १००१ अशी सममित दिसते. आपले ११ त्याच लेखनात १०११ होऊन सममिती गमावतात. अवयव मात्र कोणत्याही लिपीत लिहा, तेच राहतात. ३, ७, ११, १३, ३७ हे त्या संख्येचे स्वतःचे. चढण-उतार हा तिच्या वेषाचा.

‘वेष’ हा शब्द मी सहज वापरला नाही. १९८३ साली मी प्रबंध सादर केला तो चित्रकाव्यावर. भारवीचा पंधरावा सर्ग, माघाचा एकोणिसावा, त्यांतले उलटसुलट वाचायचे श्लोक, आणि मराठीतली त्यांची छाया. काव्यशास्त्राचा कौल मी डोळे झाकून स्वीकारला होता. आनंदवर्धन चित्राला काव्याची नक्कल म्हणतो, मम्मट त्याला तिसऱ्या, खालच्या पंक्तीत बसवतो. (आनंदवर्धन आणि महावीराचार्य एकाच शतकातले, एक काश्मीरचा, एक मान्यखेटचा, त्यांची गाठ पडली असती तर काय संवाद झाला असता, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.) त्या प्रबंधात सोळाव्या शतकातल्या दैवज्ञ सूर्यदासाच्या ‘रामकृष्णविलोमकाव्या’ला मी दीड पान दिले होते. त्यातला श्लोक सरळ वाचत गेले की पूर्वार्धात रामाची कथा, आणि त्याच अक्षरांनी उलट येणाऱ्या उत्तरार्धात कृष्णाची. मी शेरा मारला होता : निर्जीव अक्षरक्रीडा.

पदवी मिळाल्यावर शाळेने माझा छोटासा सत्कार केला. सर तेव्हा निवृत्त झाले होते. ते मागच्या रांगेत बसले होते. प्रबंध त्यांनी आधी मागवून वाचला होता, हे मला ठाऊक नव्हते. चहाच्या वेळी त्यांनी एकच प्रश्न विचारला, “सूर्यदासाचे गणित पाहिलेत का?” शाळेत मला ‘अरे-तुरे’ करणारे सर त्या दिवशी ‘अहो-जाहो’ करीत होते. मी म्हणालो, “नाही सर.” ते “बरं” म्हणाले आणि विषय बदलला. पुढे काही वर्षांनी ते गेले. मी सूर्यदासाचे गणित पाहिले ते निवृत्तीनंतर.

हा सूर्यदास पार्थपूरचा, म्हणजे गोदावरीच्या परिसरातल्या पाथरीचा. परभणी जिल्ह्यातली पाथरीही १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होती. त्याचा बाप ज्ञानराज, ‘सिद्धान्तसुंदर’ या ज्योतिषग्रंथाचा कर्ता. स्वतः सूर्यदासाने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८ साली ‘सूर्यप्रकाश’ आणि ‘लीलावती’वर १५४१ साली ‘गणितामृतकूपिका’ अशा टीका लिहिल्या. व्यस्तविधी शिकवणाऱ्या ग्रंथाचा टीकाकार, आणि विलोमकाव्याचा कवी, हा एकच माणूस! ज्या हाताने उलट जाऊन अज्ञात राशी शोधली त्याच हाताने उलट जाणारा श्लोक रचला. मी त्याला अर्ध्यातच ओळखले होते.

एवढ्यावरून ते काव्य थोर ठरते असे मी म्हणणार नाही. त्यात अर्थाची ओढाताण आहे, टीकेवाचून पुष्कळ ठिकाणी पाऊल पुढे पडत नाही. पण ‘निर्जीव’ हा शब्द मी परत घेतो. माळेतला डावीकडचा १ दहा अब्जांचा असतो आणि उजवीकडचा १ फक्त एकाचा. अंक तोच, स्थान बदलले की मोल बदलते. सूर्यदासाच्या श्लोकात अक्षरे तीच; दिशा बदलली की राम सरून कृष्ण येतो. तो अक्षरांना स्थानमूल्य देऊ पाहत होता. गणित न पाहता मला हे दिसणे शक्य नव्हते, आणि सरांना ते दीड पान वाचताच दिसले होते.

तिसरे गाव देवळाली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक होते. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक आता सर्वांना ठाऊक आहे. त्याच्याही आधी, १९३८ साली, ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांनी एका संख्याकुळावर टिपण छापले. १, १२१, १२३२१, १२३४३२१ असे हे कूळ, आणि त्यात आपली १२३४५६५४३२१ सहावी. त्यांना त्यांनी ‘विलक्षण डेमलो संख्या’ म्हटले. नावाचा उलगडा असा सांगतात की डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकाला पूर्वी डेमलो म्हणत आणि तेथे त्यांना ही कल्पना सुचली. अमोघवर्षाच्या राजधानीत जिला कंठिका म्हटले ती हजारांहून अधिक वर्षांनी लोकलच्या फलाटावर पुन्हा भेटली आणि स्टेशनाचे नाव घेऊन गेली. हा सगळा वेळखाऊ छंद आहे, असे कापरेकरांविषयी म्हणणारे थोडे नव्हते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले तेव्हा आपल्याकडे त्यांचे नाव थोडे अधिक आदराने घेतले जाऊ लागले. १९८६ साली ते निवर्तले. त्यांच्यावर तेव्हा मी एक ओळही लिहिली नाही, कारण ‘तो माझा विषय नव्हता.’

अलीकडे पाडव्याच्या सुटीत माझ्या नातवाला मी सरांचे उदाहरण घातले. त्याने आधी यंत्राकडे हात नेला. मी ते बाजूला ठेवायला सांगितले. त्याचीही पहिली बेरीज चुकली आणि त्यालाही ती स्वतःच सापडली. माझ्या प्रबंधाची घरची प्रत मी त्याच संध्याकाळी काढली. एकशे बारावे पान. ‘निर्जीव अक्षरक्रीडा’ या शब्दांवर तांबड्या शाईने रेघ मारली आणि समासात लिहिले : ‘सर, पाहिले.’ तारीख घातली.

आज येथे शाळेतली मुलेही बसली आहेत. महावीराचार्यांचे आणखी एक उदाहरण देऊन मी थांबतो. एकंस्थानापासून लिहा : एक, एक, शून्य, एक, एक, शून्य, एक, एक. हिला ९१ ने गुणा. उत्तर मला दाखवायला आणू नका.